साखर वरून घाला: नाशिकच्या चहा व्यावसायिकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरातील चहाच्या टपऱ्या, अमृततुल्य, उपाहारगृहे आणि कार्यालयीन कॅन्टीन चालविणारे सर्व व्यावसायिक

विषय : बिनसाखरेचा चहा त्याच दरात आणि न ताटकळता मिळण्याबाबत

सस्नेह नमस्कार.

चहा उकळताना पातेल्यात साखर टाकण्याऐवजी ती कप हातात देताना, गिऱ्हाइकाला विचारून घालावी, एवढ्या एकाच विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती किरकोळ आहे आणि ती मान्य करायला परवाना, यंत्र किंवा भांडवल यांपैकी काहीही लागत नाही. तरीही ती जाहीरपणे करावीशी वाटली, कारण साखर सोडू पाहणाऱ्या माणसाचे घरच्या स्वयंपाकघरात फारसे अडत नाही, मिठाईच्या दुकानातही अडत नाही. त्याचे रोजच्या रोज अडते ते आपल्या टपरीवर.

माझ्याविषयी थोडक्यात सांगते. शरणपूर रोडवरील एका कार्यालयात मी हिशेबाचे काम करते. कामानिमित्त सीबीएस, शालिमार, मेन रोड आणि अधूनमधून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत जाणे होते, आणि जिथे जाईन तिथे चहा होतोच. गेल्या वर्षी रक्ततपासणीचा अहवाल काठावर आला आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मी वरून घातलेली साखर बंद केली. फळांतली आणि दुधातली साखर यात धरलेली नाही. चहा-कॉफीत, सरबतात, बिस्किटांत, सॉसमध्ये आणि पावात बाहेरून पडते ती साखर मला अभिप्रेत आहे. दिवाळीची करंजी आणि होळीची पुरणपोळी मी सोडलेली नाही. ते पदार्थ मी ठरवून, बसून, चवीने खाते आणि त्या दिवशी बाकीच्या गोडाला हात लावत नाही. माझे म्हणणे आहे ते कोणी न विचारता आणि आपण न ठरवता पोटात जाणाऱ्या साखरेबद्दल.

मिठाई डोळ्यांना दिसते. पेढ्यांचा बॉक्स पुढे आला तर नको म्हणता येते, फारच आग्रह झाला तर अर्धा तुकडा मोडून वेळ मारून नेता येते. चहातली साखर दिसत नाही आणि किती पडली हे पिणाऱ्याला कधी कळत नाही. एक सपाट चहाचा चमचा म्हणजे सुमारे ४ ग्रॅम साखर. कटिंगमध्ये दीड चमचा धरला तरी ६ ग्रॅम झाले. सकाळी कामावर येताना एक, अकरा वाजता एक, चार वाजता एक आणि घरी परतताना ओळखीचे कोणी भेटले म्हणून एक, असे चार कटिंग झाले की २४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर हे सारे मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावे, आणि ते ५ टक्क्यांच्या खाली आणता आले तर अधिक बरे. हे ५ टक्के सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या बाबतीत २५ ग्रॅमच्या आसपास भरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीयांसाठीच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही साखर ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे. म्हणजे एकही बिस्कीट न खाता, जेवणानंतर गोडाचा घासही न घेता, दिवसाची सगळी मुभा चार कटिंगमध्ये संपते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. साखर खाल्ली की मधुमेह होतो, इतके सरळ हे गणित नाही. वजन, बैठे काम, आनुवंशिकता, झोप अशा अनेक गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. परंतु काठावर उभ्या असलेल्या या माणसांना डॉक्टर जे पहिले दोन-तीन बदल सुचवतात, त्यांत साखर कमी करणे असतेच, आणि या माणसांपैकी बरीचशी रोज आपल्या बाकड्यावर येऊन बसतात.

आता साखर सोडताना माणसाचे काय होते ते सांगते, कारण त्याचा आपल्या धंद्याशी जवळचा संबंध आहे. पहिले काही दिवस चिडचिड होते, मरगळ येते, कामात लक्ष लागत नाही. काहींचे डोके ठणकते आणि त्याचे खापर ते साखरेवर फोडतात. बऱ्याचदा खरे कारण वेगळे असते: साखर टाळायची म्हणून त्यांनी चहाच तोडलेला असतो आणि रोजचे कॅफीन एकाएकी बंद झाल्यामुळे डोके दुखत असते. त्यामुळे चहा चालू ठेवून त्यातली साखर तेवढी काढणे हा साखर सोडण्याचा अधिक सुसह्य मार्ग आहे. हा मार्ग घरात सहज सापडतो. घराबाहेर पडले की मात्र एक तर गोड चहा प्या, नाही तर पिऊच नका, एवढेच दोन पर्याय उरतात.

मरगळ आठवडाभरात निवळते. तल्लफ इतक्या लवकर जात नाही. तिची एक वेळ असते आणि ती वेळ पाळते. माझ्या बाबतीत ती दुपारी चारच्या सुमाराची. जेवणाला तीन तास होऊन गेलेले असतात, पडताळायच्या पावत्या समोर पडलेल्या असतात, आणि कॅन्टीनच्या बाजूने वेलदोडा घातलेल्या चहाचा वास येतो. त्या क्षणी जे वाटते ती भूक नसते. भूक असती तर डब्यात उरलेली भाकरीही चालली असती. मूठभर फुटाणे किंवा उकडलेले अंडे समोर ठेवावे आणि ते खावेसे वाटते का, हे स्वतःला विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर भूक आहे, ते खाऊन घ्यावे. फक्त गोडच हवे असेल तर ती तल्लफ आहे. ती वाढते, टोकाला जाते आणि तिच्या मागे न लागता दुसऱ्या कशात मन घातले तर बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. ती पंधरा-वीस मिनिटे काढायची कशी, एवढाच काय तो प्रश्न असतो.

त्यासाठी जो तो आपापले उपाय शोधतो. जेवणात नुसता भात-पोळीचा भरणा असला आणि डाळ, उसळ, दही बेताचे असले, तर चारची तल्लफ अधिक जोरात येते हे माझ्या लवकर लक्षात आले. तेव्हापासून डब्यात मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ असतेच, आणि दुपारचे ताक चुकत नाही. सकाळचे पोहे शेंगदाण्यांनी भरगच्च असले तर अकराचे बिस्कीट आठवत नाही. रात्री झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी गोडाकडे हात अधिक जातो, यालाही शास्त्रीय आधार आहे. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारी संप्रेरके बळावतात. रात्रीच्या जेवणानंतर मी बडीशेप चघळते, रंगीत साखर लावलेली नव्हे, साधी भाजलेली. हिवाळ्यात मीठ-तिखट लावलेली पेरूची फोड, उन्हाळा लागताना पिंपळगाव-दिंडोरीकडची द्राक्षे. द्राक्षे गोड असतात हे खरे आणि काठावरच्या माणसाने ती घडच्या घड खाऊ नयेत हेही खरे, पण वाटीभर द्राक्षे सालीसकट चावून खाणे आणि त्यांचा रस गाळून घटाघटा पिणे यांत फरक आहे. रस काढला की तंतू बाजूला राहतात आणि ओंजळभर फळांची साखर दोन घोटांत आत जाते.

या सगळ्यांपेक्षा माझ्या कामी आलेला उपाय चहाच आहे. चार वाजता हवी असते ती खरे तर उसंत: खुर्चीवरून उठणे, दोन माणसांत उभे राहणे, हातात काहीतरी गरम असणे. साखर त्या उसंतीला वर्षानुवर्षे चिकटून बसलेली असते. उसंत तशीच ठेवून साखर बाजूला केली तर काही दिवसांनी मन त्यावर राजी होते. मात्र त्यासाठी त्या वेळी, त्या ठिकाणी, बिनसाखरेचा कप हातात पडावा लागतो. तो मिळत नाही तेव्हा चौघे टपरीवर जातात आणि साखर सोडलेला माणूस पाण्याची बाटली घेऊन जागेवर बसून राहतो. अशा एकट्याने केलेल्या पथ्याचे आयुष्य फार नसते. माझ्या परिचयातले जे लोक साखर सोडून पुन्हा साखरेवर आले, त्यांतले बहुतेक मिठाईच्या मोहाने आलेले नाहीत. वेगळे पडण्याचा कंटाळा आल्याने आले.

दुसरी गोष्ट जिभेची. साखर कमी केली की गोडाची जाण काही आठवड्यांनी वाढत जाते. बिनसाखरेचा चहा सुरुवातीला औषधासारखा लागतो, हे मी नाकारत नाही. नंतर त्यातच आले कळू लागते, पावडरीचा बरे-वाईटपणा कळू लागतो, आणि दूध चांगले असेल तर त्याचा स्वतःचा हलका गोडवाही जाणवतो. १०० मिलिलिटर दुधात साडेचार ते पाच ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर, असतेच, ते इतके दिवस साखरेखाली दबलेले असते. भाजलेला कांदा गोड लागतो, गाजर गोड लागते. या टप्प्यावर पोहोचलेल्या माणसाला घराबाहेर दिवसातून दोनदा गोड चहा प्यावा लागला, तर जिभेची घडी पुन्हा विस्कटते. ज्याला एकदम सोडणे जमत नाही तो दीड चमच्यावरून एकावर, एकावरून अर्ध्यावर असा उतरत येऊ शकतो, आणि ते तितकेच उपयोगी आहे. पण पातेल्यातच साखर पडली असेल तर उतरायला पायरीच राहत नाही.

आपली बाजू मी जवळून पाहिली आहे. अशोक स्तंभाच्या बाजूला एका टपरीवर मी सकाळी बऱ्याचदा थांबते. मालक शेगडीवर पितळी पातेले चढवतात, पाणी टाकतात, खलबत्त्यात ठेचलेले आले पडते, त्यामागोमाग कडा झिजलेली एक स्टीलची वाटी डब्यात बुडते आणि काठोकाठ साखर घेऊन वर येते. वाटी उपडी करताना ते पातेल्याकडे पाहतही नाहीत. नजर समोरच्या गिऱ्हाइकावर, तोंडाने सुट्ट्या पैशांचा हिशेब. पावडर पडते, दूध पडते, फेस वर आला की ओगराळ्याने चहा वर उचलून पुन्हा खाली सोडतात, आणि एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात पातेले धरून ओळीने मांडलेले दहा-बारा ग्लास एका दमात भरतात. हे कसब आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. अशा वेळी कोणी मध्येच म्हणाले की एक बिनसाखरेचा द्या, तर साहजिकच उत्तर येते, "आता उतरवला ताई, पुढच्या पातेल्याला सांगा." पुढच्या पातेल्याला पंधरा मिनिटे असतात आणि ते चढते तेव्हा वाटी पुन्हा आपसूक बुडते. कधी वेगळा करून मिळतोही, पण मग सगळ्या बाकड्याला ऐकू जाईल अशा आवाजात चौकशी होते की मॅडम, शुगर निघाली का? विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. तरीही आपला रक्ताचा अहवाल चौकात वाचून दाखवला जावा, असे कोणालाच वाटत नाही, आणि माझ्या ओळखीतले निदान दोघे-तिघे पुरुष सहकारी केवळ या प्रश्नाच्या संकोचाने मुकाट गोड चहा पितात.

गर्दीच्या वेळी दोन पातेली सांभाळणे शक्य नाही, ही आपली अडचण मला मान्य आहे. म्हणूनच मी वेगळे पातेले मागत नाही. पातेले एकच राहू द्या, साखर तेवढी त्यातून बाहेर काढा. उकळत्या चहात साखर विरघळायला चार वेळा चमचा फिरवणे पुरते. ज्यांना साखर हवी, आणि ते बहुसंख्य असणार, त्यांच्या ग्लासात आधीच एक चमचा घालून त्यावर चहा ओतला तर ढवळायचेही फारसे काम उरत नाही. शिवाय ही पद्धत आपल्याला नवीन नाही. गेल्या काही वर्षांत शहरात जागोजाग गुळाचा चहा मिळू लागला आहे. उकळत्या दुधात गूळ टाकला तर दूध फाटण्याची भीती असते, म्हणून तो चहा करणारे गूळ शेवटी, आच बंद केल्यावर किंवा थेट कपात घालतात. गुळाच्या बाबतीत जे दिवसभर विनातक्रार जमते, ते साखरेच्या बाबतीत जमणार नाही असे मानायला मला कारण दिसत नाही.

साखर आधी घातल्याशिवाय चहाला चव येत नाही, असेही काही जण म्हणतात. यात थोडे तथ्य आहे आणि त्याचे मूळ पावडरीत आहे. आपल्याकडे वापरली जाणारी बहुतेक पावडर सीटीसी पद्धतीची, म्हणजे पाने चिरडून, फाडून आणि वळवून बारीक दाणे केलेली असते. तिचा अर्क झटकन आणि कडक उतरतो, थोडक्या पावडरीत पुष्कळ कप होतात, म्हणून ती परवडते. पण तोच चहा मंद आचेवर खदखदत राहिला की तुरटपणा वाढत जातो आणि मग तो तुरटपणा झाकायला साखर वाढवावी लागते. पावडर टाकल्यावर उकळण्याचा वेळ दोन-तीन मिनिटांवर आणला, आले-वेलदोड्याचे प्रमाण किंचित वाढवले आणि शक्य असेल तिथे चार पाती गवती चहा टाकला, तर साखरेविना चहा चांगला लागतो. गोडावर चहाचे दोष खपतात, हे आपल्या व्यवसायातले उघड गुपित आहे. ज्यांचा चहा मुळात चांगला आहे त्यांना साखर वेगळी करताना भिण्याचे कारण नाही.

दराचा मुद्दा काढल्यावाचून राहवत नाही, माझा पेशाच तो आहे. काही ठिकाणी बिनसाखरेचा चहा स्पेशल म्हणून पाच रुपये जास्त दराने दिला जातो. साखरेचा किरकोळ भाव किलोला ४५ रुपये धरला तर ६ ग्रॅम साखरेची किंमत सत्तावीस पैसे होते. आमच्या कपातली साखर वाचली म्हणून सत्तावीस पैसे परत करा, असे कोणी म्हणत नाही. पण जी वस्तू घातलीच नाही तिच्याबद्दल पाच रुपये जादा घेण्याचे समर्थन कोणत्या वहीत मांडता येईल, ते मला समजलेले नाही. वेगळे पातेले चढवावे लागते, वेगळा गॅस लागतो, हे कारण आजवर सांगितले गेले. साखर वरून घातली की तेही कारण उरत नाही.

बिनसाखरेचा चहा मागितल्यावर त्याऐवजी दुसरेच काही पुढे करण्याची पद्धत आहे, तिच्याविषयीही लिहायला हवे. "साखर नको तर गुळाचा घ्या, तो आरोग्याला चांगला" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. गुळात लोह आणि काही क्षार थोड्या प्रमाणात असतात, त्याला स्वतःची चव आहे, परंतु त्याचा मोठा भाग साखरच असतो आणि रक्तातल्या साखरेच्या हिशेबात तो सुटत नाही. मधाचेही तेच. आपण गुळाचा चहा जरूर विकावा, मात्र साखर सोडलेल्याला किंवा मधुमेह्याला तो निर्धोक म्हणून देऊ नये. राहिल्या साखरेऐवजी चहात टाकायच्या गोड गोळ्या. वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा बिनसाखरेच्या गोडव्यांवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू केलेली नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. माझ्यासारखीला गोळी नको असते, कारण गोळीने जिभेची गोडाची मागणी तशीच राहते. मला हवा असतो तो नुसता चहा, ज्यात कोणीही काहीही गोड घातलेले नाही.

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत, तसेच शहरातल्या अनेक कार्यालयांत आता बटण दाबले की चहा देणारी यंत्रे आहेत. तिथे तर विनंती करायला समोर माणूसही नसतो. यंत्रात जी तयार पूड भरली जाते तिच्या पाकिटावरील घटकांची यादी एकदा वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, आणि अनेक पाकिटांवर साखर अगदी वरच्या क्रमांकावर दिसते, चहाचा अर्क तिच्या पुष्कळ खाली. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन्ही आकडे पाकिटावर वेगवेगळे छापावे लागतात, तेव्हा तपासणे अवघड नाही. बिनसाखरेची पूडही बाजारात मिळते. अनेक यंत्रांना दोन किंवा अधिक खण असतात. कॅन्टीन चालकांनी त्यांपैकी एका खणात ती भरावी आणि बाजूला साखरेच्या पुड्या ठेवाव्यात.

चहाच्या जोडीला काय ठेवायचे हा आपला अधिकार आहे. क्रीमरोल, नानकटाई, टोस्ट आणि बिस्किटांच्या बरण्या हटवा, असे मी म्हणणार नाही. मिसळीवर जिलबी खाणाऱ्या या गावात तसे म्हणण्यात शहाणपणही नाही. त्या बरण्यांच्या रांगेत एक बरणी फुटाण्यांची आणि एक भाजलेल्या शेंगदाण्यांची असावी, इतके सुचवते. ज्याला नुसत्या चहावर भागत नाही आणि गोड खायचे नाही, त्याच्या हाताला काहीतरी लागेल, आणि फुटाण्यांवर आपला नफाही काही कमी नसावा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. या पत्राचा अर्थ टपरीवरून साखर हद्दपार करा असा कृपया घेऊ नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाची रक्तातली साखर कधी कधी एकाएकी खाली येते. त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, आणि पाहणाऱ्याला वाटते की चक्कर आली किंवा माणूस प्यायलेला आहे. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून ताबडतोब पाजणे हाच पहिला उपचार असतो. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि डॉक्टरकडे न्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. भर रस्त्यात असे झाले तर सर्वांत जवळचा साखरेचा डबा आपल्याकडे असतो. त्याच कारणाने, जे अशी औषधे घेतात त्यांनी हे पत्र वाचून स्वतःच्या मनाने साखर तोडू नये. आधी डॉक्टरांशी बोलून औषधांची मात्रा तपासून घ्यावी.

साखरेशी माझे वैर असण्याचे कारण नाही. माझे माहेर निफाड तालुक्यातले, घरी ऊस होता, आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर या सगळ्या पट्ट्यात काय बदलले, ते वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच मी वाढले. शाळेची फी उसाच्या बिलातून भरली गेली आहे. चहाच्या कपात विचारून साखर घातल्याने कोणा ऊस उत्पादकाचे नुकसान होईल, असे मला वाटत नाही; ज्यांना साखर हवी आहे ते ती घेणारच आहेत.

या विनंतीला एक निमित्तही आहे. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२६-२७ मध्ये येत आहे. रामकुंड, पंचवटी, तपोवन, नाशिक रोड स्थानकाचा परिसर, त्र्यंबकेश्वरची वाट, सगळीकडे चहाची दुकाने वाढतील. येणाऱ्यांत उतारवयाचे लोक फार मोठ्या संख्येने असतील, त्यांतल्या अनेकांना पथ्य असेल, कित्येकांना मराठी येत नसेल, आणि गर्दीत प्रत्येकाशी बोलायला आपल्याला वेळ नसेल. साखर वेगळी ठेवण्याची सवय आधीच अंगवळणी पडलेली असेल, तर त्या धामधुमीत कोणाला काही समजावत बसावे लागणार नाही.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेच्या प्रमाणाची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. आपल्याकडून असा तक्त्यांचा फलक कोणी मागत नाही. दराच्या पाटीखाली खडूने एक ओळ लिहावी: "साखर वेगळी मिळेल, दर तोच." ती ओळ वाचून लोक आपोआप विचारतील, आणि चौकशी न करता द्यायचे हे आपण ठरवले की कोणाचा संकोच होणार नाही. एकदम सगळ्या दिवसाचे जमत नसेल तर दुपारी तीन ते पाच या वेळेपुरते करून पाहावे, कारण तल्लफ येणारे बहुतेक त्याच वेळी येतात आणि सकाळच्या मानाने तेव्हा गर्दीही बेताची असते. शरणपूर रोडवरच्या ज्या टपरीवर हे सुरू होईल, तिथे आमच्या कार्यालयातील चारचा चहा आणण्याची जबाबदारी मी घेते. त्यात गोड पिणारेच अधिक आहेत, त्यामुळे आपला साखरेचा खप बुडेल ही भीती नको.

साखरेचा डबा मात्र घट्ट झाकणाचा असावा आणि त्यातला चमचा कोरडा ठेवावा. चहात बुडालेला चमचा पुन्हा डब्यात गेला की साखरेचे गठ्ठे होतात आणि मुंग्या लागतात, आणि मग त्रास नको म्हणून ती वाटी परत पातेल्यावर उपडी होऊ लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
चार वाजताची एक नेहमीची गिऱ्हाईक
शरणपूर रोड, नाशिक